प्रायोजकाची पत्रं, संमतिपत्र आणि अठरावं वर्ष

प्रश्न : माझे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. मुलगी चौथीत आहे. एका संस्थेने तिला 'दत्तक' घ्यायचं म्हटलंय, परदेशातलं कुणी तिचा खर्च करणार आहे. मुलगी हातची जाईल का? सही करू का?
– एक आई, माढा तालुका

उत्तर : ताई, मुलगी तुमच्याजवळच राहणार. हे कायद्याचं दत्तकविधान नाही, शिक्षणाचं प्रायोजकत्व आहे. तुमचे पालक म्हणून असलेले सगळे हक्क तसेच राहतात. तरी संमतिपत्र मराठीत मागा, घरी आणून कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका आणि प्रत आपल्याकडे ठेवा. फोटो कुठे छापणार, मुलीचं आडनाव आणि गाव दात्याला कळणार का, हे त्यात स्पष्ट हवं. ते दोन्ही कळू नये, असाच आग्रह धरा.

पैसे बहुधा तुमच्या हातात येत नाहीत. गणवेश, वह्या, आरोग्य तपासणी, संध्याकाळची अभ्यासिका अशा रूपाने मदत मिळते. काही संस्था सगळ्या दात्यांची रक्कम एकत्र करून वस्तीच्या कामाला वापरतात. म्हणजे फोटो तुमच्या मुलीचा जातो, पण शाळेचं स्वच्छतागृह सगळ्यांसाठी बांधलं जातं. यात गैर काही नाही, मात्र ते आधी सांगायला हवं. नाहीतर 'माझ्या मुलीच्या नावाचे पैसे कुठे गेले' म्हणून गावात भांडणं होतात. आणखी एक विचारा : दात्याने मधेच देणं थांबवलं, तर मदत चालू राहते का? चांगल्या संस्था दुसरा दाता मिळेपर्यंत खर्च स्वतः उचलतात.

संस्थेची मदत मिळणार म्हणून सरकारी योजना सोडू नका. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलांनाही दरमहा 2250 रुपये मिळतात, वयाच्या 18 वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करायचा, गृहचौकशी होते आणि आदेश बालकल्याण समिती काढते. यजमानांचा मृत्यूचा दाखला, दोघींची आधार कार्डं, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड आणि बँक पासबुक तयार ठेवा. प्रकरण अडतं ते नावावरून. आधारवर एक नाव, शाळेच्या रजिस्टरवर दुसरं, असं असेल तर आधी ते दुरुस्त करा. खातं आधारशी जोडलेलं नसलं तर आदेश निघूनही पैसे जमा होत नाहीत. आदेशावरची मुदत पाहून ती संपण्याआधी नूतनीकरणाला जा.

प्रश्न : मी दहावीत आहे. प्रायोजक आजींना वर्षातून दोनदा पत्र लिहावं लागतं. संस्थेच्या केंद्रातल्या ताई फळ्यावर मजकूर लिहितात, आम्ही सगळे तोच उतरवतो. मला वेगळं लिहावंसं वाटतं, पण काय? आणि त्या फेसबुकवर सापडल्या, तर थेट मोबाइल मागू का?
– एक विद्यार्थी, अक्कलकुवा तालुका

उत्तर : फळ्यावरचं पत्र उतरवू नकोस. 'मी मजेत आहे, तुम्हीही मजेत असाल' हे वाक्य शंभर मुलांकडून गेलं, की वाचणाऱ्याला त्यात तू दिसतच नाहीस. त्यांच्या मागच्या पत्रात काही विचारलं असेल, तर उत्तर तिथूनच सुरू कर. मग एकच गोष्ट नीट सांग : शाळेत जायला किती चालावं लागतं, वाटेत काय लागतं, भूमितीचा कुठला धडा अडलाय, घरी या हंगामात काय पेरलंय. एक पान पुरे. मराठीतच लिही, संस्था भाषांतर करते. वाक्यं छोटी ठेव, लांबलचक वाक्यं भाषांतरात हमखास बिघडतात. पत्र केंद्र, भाषांतरकार, परदेशातलं कार्यालय असं फिरत जातं, त्यामुळे उत्तर यायला महिने लागतात. आजी विसरल्या असं समजू नकोस. प्रत्येक पत्राचा फोटो काढून ठेव, म्हणजे मागे काय लिहिलं ते आठवतं.

थेट संपर्क मात्र करू नकोस. हा नियम तुझ्यावर अविश्वास म्हणून केलेला नाही. मदतीच्या नावाखाली मुलांशी ओळख वाढवून गैरफायदा घेणारी माणसं असतात, म्हणून पत्रव्यवहार संस्थेमार्फतच होतो आणि तो वाचला जातो. प्रायोजक म्हणवणारं कुणी स्वतःहून तुला मेसेज करू लागलं, तर आईवडिलांना आणि केंद्रात सांग. त्रास होत असेल तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन कर. मोबाइलही मागू नकोस. अभ्यासासाठी उपकरण खरंच लागत असेल, तर कारण लिहून केंद्रात अर्ज दे. एकाच मुलाला वस्तू मिळाली की घरातली भावंडं आणि वर्गमित्र दुखावतात, म्हणून बऱ्याच संस्था भेटवस्तूंवर मर्यादा घालतात.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुलांना संस्थेची मदत आहे. 18 पूर्ण झाले की ती थांबते आणि मुलं बारावीनंतर गळतात. काय करता येईल?
– एक शिक्षिका, जव्हार

उत्तर : तयारी सोळाव्या वर्षीच सुरू करावी लागते. प्रायोजकत्वाचा फायदा होतो हे दिसलं आहे. भारतासह सहा देशांत झालेला एक मोठा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मदत मिळालेली मुलं साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकल्याचं आढळलं. हा फायदा शेवटच्या टप्प्यावर वाया जाऊ नये. आणि मदत वयाआधीही थांबू शकते. परदेशी निधीच्या नियमांमुळे कम्पॅशन इंटरनॅशनल या मुलांना प्रायोजक मिळवून देणाऱ्या संस्थेला 2017 मध्ये भारतातलं काम बंद करावं लागलं, तेव्हा सुमारे 1 लाख 45 हजार मुलांची मदत एकदम थांबली.

म्हणून अकरावीतच जातीचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र काढून घ्या. विज्ञान शाखेच्या राखीव प्रवर्गातल्या मुलांचा जात पडताळणीचा प्रस्ताव कॉलेजमार्फत बारावीआधीच पाठवा. वडिलांकडचे जुने पुरावे शोधण्यातच महिने जातात. 18 पूर्ण झाले की अज्ञान (म्हणजे अल्पवयीन म्हणून उघडलेल्या) बँक खात्याचं केवायसी नव्याने करावं लागतं, नाहीतर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती अडकते. इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि मराठा प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क 2024 पासून पूर्ण माफ आहे, पण प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतूनच हवा. हे ठाऊक नसल्यामुळे थेट कॉलेजच्या पातळीवर प्रवेश घेऊन बसणाऱ्या मुली आहेत. संस्थेकडे शेवटच्या वर्षासाठी फक्त दोन गोष्टी मागा : प्रवेशाच्या वेळी भरायची रक्कम आणि वसतिगृहाचे पहिले तीन महिने. शिष्यवृत्ती उशिरा जमा होते, आणि मुलं घरी परततात ती नेमकी याच काळात.