सत्य एकच असते, असा आग्रह ख्रिस्ती लोक का धरतात?

'ज्याचे सत्य त्याच्यापाशी' असे मानले तर बरीच भांडणे मिटतील. असे असताना ख्रिस्ती लोक निरपेक्ष, म्हणजे सर्वांना सारख्याच लागू असणाऱ्या, सत्याचा आग्रह धरतात, हा अहंकार नव्हे काय, असे आपण विचारले आहे. मी ख्रिस्ती आहे आणि हे उत्तर त्याच श्रद्धेतून देत आहे.

सत्य निरपेक्ष आहे असे म्हणणे वेगळे आणि ते पुरतेपणी मला गवसले आहे असे म्हणणे वेगळे. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल स्वतःलाही धरून सांगतो की आता आपल्याला आरशात पाहावे तसे अंधुक दिसते आणि कळते तेही अंशतःच. शिवाय प्रत्येक बाब निरपेक्ष ठरवण्याचा हट्टही त्याला मान्य नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात, कोणी सर्व काही खातो तर कोणी फक्त शाकाहार करतो, कोणी एखादा दिवस विशेष मानतो तर कोणी सगळे दिवस सारखे मानतो, अशा बाबतीत प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्याला दोष लावू नये, असे तो बजावतो.

मात्र हाच पौल अंत्युखिया शहरात येशूचा प्रमुख शिष्य व प्रेषित पेत्र याला सर्वांदेखत जाब विचारतो. पेत्र आधी परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला बसत असे. यरुशलेमेहून अशी पंगत न चालणारी काही यहुदी मंडळी आल्यावर त्यांच्या भीतीने तो बाजूला झाला. 'त्याचे सत्य त्याच्यापाशी' म्हणून पौलाला गप्प राहता आले असते, पण मग पंगतीतून वगळलेल्यांनी दाद मागायची कुणाकडे? सत्य प्रेषिताच्याही वर आहे म्हणूनच प्रेषिताची चूक दाखवता येते.

'सर्व सत्ये सापेक्ष आहेत' हे विधान स्वतः तरी निरपेक्ष आहे काय, असा प्रतिवाद नेहमी केला जातो. तो तर्काला धरून आहे, पण त्याने वाद जिंकता येतो, माणसाचे मन वळत नाही. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो योहानाच्या शुभवर्तमानातील (बायबलमधील येशूच्या चरित्रातील) येशूवरचा खटला. सत्याविषयी साक्ष देण्यासाठी मी जगात आलो आहे, असे येशू सांगतो, त्यावर खटला चालवणारा रोमी सुभेदार पिलात विचारतो, "सत्य काय आहे?", आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर जाऊन लोकांना सांगतो की मला याच्यात काही अपराध आढळत नाही. हे तो एकूण तीन वेळा सांगतो. म्हणजे त्या खटल्यापुरते सत्य त्याला ठाऊक होते. तरीही जमावाने कैसराचे, म्हणजे रोमी सम्राटाचे, नाव काढताच तो येशूला वधस्तंभावर खिळण्यासाठी सोपवून देतो. सत्याचा प्रश्न असा झटकून टाकला की निवाडा ज्याच्या हाती बळ आहे त्याच्या मर्जीवर जातो, आणि निर्दोष माणसाला आधार उरत नाही. दुर्बळांच्या दृष्टीने सापेक्षतावाद, म्हणजे 'ज्याचे सत्य त्याच्यापाशी' हे मत, मला निर्दय वाटतो तो याच कारणाने. सहिष्णुता हवी असेल तरी निदान 'कुणाचाही छळ करणे चूक आहे' एवढे विधान तरी सर्वांना बंधनकारक मानावेच लागते.

आता अहंकाराविषयी. सत्याच्या नावाने चर्चनेही बळजबरी केली आहे, हे नाकारता येणार नाही. १६३३ साली गॅलिलिओला आपले म्हणणे मागे घ्यायला लावले गेले, हे त्याचे ठळक उदाहरण. पण त्या बळजबरीला चूक म्हणण्यासाठीही सर्वांना लागू पडणारे मोजमाप लागतेच. कॅथोलिक चर्चच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात सांगितले की सत्य केवळ स्वतःच्या सामर्थ्यावरच मनाला पटते. ते कुणावर लादता येत नाही. ख्रिस्ती श्रद्धेनुसार सत्य म्हणजे नुसता सिद्धांतांचा संग्रह नव्हे. 'मार्ग, सत्य व जीवन मीच आहे' असे म्हणणारा येशू आहे, आणि त्याने स्वतः मारेकऱ्यांवर बळ वापरण्याऐवजी त्यांच्यासाठी क्षमा मागितली. म्हणून आपल्याशी माझा मतभेद असला तरी आपल्याला पटवून देण्याचा प्रयत्न करण्यापलीकडे कोणताही अधिकार मला नाही, आणि माझी समजूत चुकीची असेल तर ती दाखवून देण्याचा अधिकार आपल्याला पूर्ण आहे.