किपचोगेचे 2:01 आणि ऑलिम्पिकचे 2:08

प्रश्न : केनियाच्या एलियुड किपचोगेने 2022 ची बर्लिन मॅरेथॉन 2 तास 1 मिनिट 9 सेकंदांत मारली. मग रिओला 2:08:44 आणि टोकिओ ऑलिम्पिकला 2:08:38 कशी? एवढा मंद का पळाला? (एक वाचक, सातारा)

अंतर दोन्हीकडे 42.195 किलोमीटरच, खेळ मात्र वेगळा. बर्लिनला पेसर असतात, म्हणजे ठरल्या वेगाने पुढे पळून वारा स्वतःच्या अंगावर घेणारे धावपटू. रस्ता सपाट, सप्टेंबरअखेरची हवा गार. ऑलिम्पिकला पेसर नाहीत, एका देशाचे जास्तीत जास्त तीन जण, आणि मेडल मिळतं ते नंबराला, वेळेला नाही. मग उगाच पुढे होऊन वारा खायला कोण तयार होणार? सगळा घोळका एकमेकांकडे बघत पळतो.

टोकिओची मॅरेथॉन उन्हाळ्यामुळे उत्तरेकडच्या साप्पोरो शहरात हलवली होती. तरी 8 ऑगस्ट 2021 ला सकाळी सातलाच हवा दमट आणि पारा 26 अंशांच्या आसपास. 106 जण सुटले, त्यांतल्या 30 जणांनी शर्यत सोडली. किपचोगे तीस किलोमीटरपर्यंत घोळक्यात निवांत होता. तिथून पुढचे पाच किलोमीटर त्याने 14:28 मध्ये काढले, म्हणजे किलोमीटरला 2:54. बर्लिनच्या त्या 2:01:09 ची, म्हणजे तेव्हाच्या जागतिक विक्रमाची सरासरी 2:52 होती, हे लक्षात घ्या. विक्रमी वेग त्याच्या पायांत होताच. तो त्याने लागला तेव्हा आणि लागला तेवढाच खर्च केला. दुसरा आलेला अब्दी नागेये 80 सेकंद मागे होता.

आमच्या मते त्याची खरी करामत बर्लिनपेक्षा साप्पोरोची. लागोपाठ दोन ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकणारे त्याच्याआधी दोघेच : अबेबे बिकिला आणि वाल्डेमार चिएर्पिन्स्की.

प्रश्न : तो पहिल्यापासून मॅरेथॉनच पळायचा का? (एक वाचक, अकोला)

नाही, तो ट्रॅकवरचा. 2003 ला पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत 5000 मीटरचं सोनं, तेही हिशाम अल गरूज आणि केनेनिसा बेकेले या दिग्गजांना मागे टाकून. 2004 ला अथेन्समध्ये ब्राँझ, 2008 ला बीजिंगमध्ये रौप्य. 2012 च्या ऑलिम्पिक संघात मात्र जागाच मिळाली नाही, म्हणून 2013 ला रस्त्यावर उतरला आणि हॅम्बुर्गची पहिलीच मॅरेथॉन 2:05:30 मध्ये जिंकला. प्रशिक्षक पॅट्रिक सँग. 1992 च्या ऑलिम्पिकचे स्टीपलचेसचे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) रौप्यविजेते.

प्रश्न : व्हिएन्नाला 2019 मध्ये त्याने 1:59:40 केली, ती विक्रम म्हणून का धरत नाहीत? (एक वाचक, पणजी)

ती खुली स्पर्धा नव्हती. 41 पेसर पाळीपाळीने आत-बाहेर होत होते, पुढची गाडी रस्त्यावर लेसरच्या रेषा पाडत होती, पाणी सायकलवरून हातात मिळत होतं. विक्रमाच्या नियमांत यातलं काही बसत नाही. पाय मात्र त्याचेच.

प्रश्न : त्याचं आठवड्याचं वेळापत्रक सांगा. मला जानेवारीत मुंबई पळायची आहे. (एक वाचक, ठाणे)

सांगतो, पण जसंच्या तसं उचलू नका. केनियातल्या काप्टागाटचा त्याचा कॅम्प समुद्रसपाटीपासून साधारण 2400 मीटरवर. आठवड्याला 200 किलोमीटरच्या आसपास. मंगळवारी मातीच्या ट्रॅकवर वेगाचे तुकडे, गुरुवारी 30 किंवा 40 किलोमीटरची लाँग रन, शनिवारी फार्टलेक : तीन मिनिटं जोरात, एक मिनिट हळू, असं तेरा वेळा. बाकीचे दिवस अगदी सावकाश पळणं.

घेण्यासारखं आहे ते हे शेवटचंच. आपल्याकडे नेमकं उलटं होतं : सोप्या दिवशी ग्रुपच्या नादाने जोर लागतो आणि लाँग रनला पाय शिल्लक राहत नाहीत. जोराचे दिवस दोनच ठेवा. सोप्या दिवशी शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दर दोन शब्दांनी धाप लागली तर वेग कमी करा.

प्रश्न : 32 किलोमीटरनंतर माझे पाय शिशाचे होतात. जेल (पळताना घ्यायचा कर्बोदकांचा घट्ट पाक) घेऊनही. (एक वाचक, पुणे)

हिशोब बघा. माणूस किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी जाळतो. तुमचं वजन 60 किलो असेल तर मॅरेथॉनला अडीच हजार. स्नायू आणि यकृतातला कर्बोदकांचा साठा जेमतेम दोन हजारांचा. चरबी भरपूर असते, पण ती सावकाश जळते. सुरुवात जोरात केली की साठा आणखी लवकर संपतो. खुद्द किपचोगेनेही बर्लिनला पहिला अर्धा 59:51 मध्ये काढला, आणि दुसऱ्याला 61:18 लागली.

एका जेलमध्ये साधारण 25 ग्रॅम कर्बोदकं असतात, पाकिटावर बघून घ्या. तासाला 60 ग्रॅम हवी असतील तर दर 25 मिनिटांनी एक. पहिलं अर्ध्या तासाच्या आत-बाहेर घ्या. दमल्यावर घेतलेलं उशिराच लागू पडतं. बरोबर पाच-सहा घोट साधं पाणी. एनर्जी ड्रिंकवर जेल घेतलं तर साखर दुप्पट होते, ती आतड्यात पाणी ओढते आणि पोट ढवळतं. लाँग रनला सहा-आठ आठवडे हीच सवय करा.

बुटांचंही तसंच. 2015 ला बर्लिनमध्ये किपचोगेचे इनसोल, म्हणजे बुटांतले सुटे तळ, बुटांतून सरकून बाहेर आले आणि शेवटपर्यंत घोट्यांशी फडफडत राहिले. तरीही तो 2:04:00 मध्ये जिंकला, पण तळपाय सोलवटले होते. शर्यतीचा जोड आधी निदान एका लाँग रनला घालून बघा, तोही घामाने भिजलेल्या मोज्यांवर.