रेटरिक म्हणजे वाग्जाल का?

प्रश्न असा आहे: टोल्किनच्या 'द टू टॉवर्स' या कादंबरीतल्या (१९५४) सारुमान या कपटी जादूगाराच्या भाषणावर लिहिताना 'रेटरिक'साठी 'वाग्जाल' वापरावा का?

सारुमान जे करतो त्याला वाग्जाल खुशाल म्हणा. रेटरिक या कलेला म्हणू नका. जाळे म्हटले की फसवणूक आलीच. ग्रीक 'ऱ्हेटोर' म्हणजे सभेत बोलणारा, आणि रेटरिक ही त्याची कला. ॲरिस्टॉटलच्या मते, त्या त्या प्रसंगी मन वळवण्याचे कोणते मार्ग हाती आहेत हे हेरण्याची ती शक्ती. मार्ग तीन: वक्त्याची पत, श्रोत्याची भावना आणि युक्तिवाद. म्हणून 'वक्तृत्वकला' योग्य. 'अलंकारशास्त्र' नको, तो काव्यचर्चेतला शब्द, त्याने लक्ष उपमा-रूपकांकडे जाते आणि मन वळवणे बाजूला पडते.

ख्रिस्ती विचारातही ही कला त्याज्य ठरली नाही. ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन आधी मिलानमध्ये तीच शिकवत असे. नोकरी सोडून ३८७ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला आणि पुढे त्या पेशाला शब्दविक्री म्हटले. तरीही त्याचा सवाल होता की खोट्याच्या हाती हे शस्त्र असताना खऱ्याच्या कैवाऱ्यांनी निःशस्त्र का राहावे? त्याचा किल्लीचा दृष्टान्त मला फार मोलाचा वाटतो: कुलूप उघडत नसेल तर सोन्याची किल्ली काय कामाची, आणि उघडत असेल तर लाकडीला नाव का ठेवावे?

आता सारुमान पाहा. राजा थेओडेनशी तो अदबीने बोलतो, दुसरा जादूगार गँडाल्फ याच्याशी बरोबरीच्या नात्याने. भावनेची नस अचूक पकडतो, पण पत केव्हाच गेलेली. थेओडेन नेमके तिथेच बोट ठेवतो: सारुमानच्या सैन्याने जाळलेला वेस्टफोल्ड प्रांत, मेलेली मुले, राजाचा द्वारपाल हामा याच्या प्रेताची विटंबना. सारुमानच्या सुरापुढे राजाचा स्वर म्हाताऱ्या डोमकावळ्यासारखा कर्कश वाटतो. हीच ती लाकडी किल्ली. त्याआधी राजासोबत आलेला बुटका योद्धा गिमली तर कोशकाराचेच काम करतो: ऑर्थँकच्या (सारुमानच्या मनोऱ्याच्या) भाषेत मदत म्हणजे नाश, वाचवणे म्हणजे मारणे. 'सारुमान'मधला 'सारु'ही जुन्या इंग्रजीतला, कसब आणि कपट दोन्ही सांगणारा.

त्या प्रकरणाच्या 'द व्हॉइस ऑफ सारुमान' या शीर्षकातल्या 'व्हॉइस'साठी 'वाणी' सुचेल, पण टाळा. अभंगवाणी, संतवाणी म्हणताना आपण शब्दांचा अर्थही त्यात धरतो. सारुमानचे ऐकणाऱ्यांना नंतर शब्द सहसा आठवत नाहीत, गोडवा तेवढा आठवतो. तिथे 'आवाज'च हवा.