एआय व्हिडिओवरचा वॉटरमार्क काढू का?
ठाण्याच्या नौपाड्यातल्या तुमच्या फराळाच्या दुकानाच्या जाहिरातीत एआय टूलचा लोगो, म्हणजे वॉटरमार्क, नेमका चकलीवर येतो, म्हणून तो काढायचाय ना? पुसू नका. ब्लर केलं की तिथे धुरकट चौकोन हलत राहतो आणि गिऱ्हाईक आधी तोच बघतं. काही टूल्सच्या पैसे भरून घेतलेल्या प्लॅनमध्ये बिनलोगोची फाइल मिळते. अटी वाचून तीच घ्या. गूगलच्या व्हिओ या व्हिडिओ बनवणाऱ्या एआय टूलमध्ये सिंथआयडी ही न दिसणारी खूण तरीही राहते, आणि राहायलाच हवी. वर ‘एआयने बनवलेला व्हिडिओ’ अशी ठळक पट्टी टाका. खऱ्यासारखं दृश्य असेल तर यूट्यूबवर २०२४पासून तसं सांगावंच लागतं. पण तलावपाळीला पूर आल्यासारखा व्हिडिओ असेल, तर त्यावरची खूण कृपा करून कुणीच काढू नका. पावसाळ्यात असला एक फॉरवर्ड आला की माझी आई दारातच उभी राहते.