वाचकांचे प्रश्न : दुकान वेबसाइटवर मांडताना

या वेळच्या पत्रांत वेबसाइटच्या रंगरूपाबद्दल एकही प्रश्न नाही. बहुतेकांचे घोडे दुकान सुरू झाल्यानंतर अडले आहे. काही प्रश्न दुकानदारांचे आहेत, काही त्यांना वेबसाइट करून देणाऱ्यांचे.

प्रश्न : आम्ही भडंग करतो. अर्ध्या किलोचे पाकीट खोक्यासकट काट्यावर सहाशे ग्रॅम भरते. वेबसाइटवर ग्राहकाकडून एक किलोच्या हिशेबाने डिलिव्हरी घेतो, पण कुरिअरचे बिल दोन किलोचे येते. फसवणूक होते आहे का? (भडंग उत्पादक, सांगली)

फसवणूक नाही. कुरिअरवाले दोन वजने काढतात, एक काट्यावरचे आणि दुसरे खोक्याच्या आकारमानावरून. त्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. दोहोंत जे जास्त, त्याचे बिल लागते. सूत्र सोपे आहे : खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचे. उत्तर किलोत येते. काही कंपन्या ४००० किंवा ४५०० ने भागतात, तेव्हा आपले रेटकार्ड आधी वाचा. आलेला आकडा पुढच्या अर्ध्या किलोवर नेला जातो.

समजा तुमचा खोका बाहेरून ३२ × २४ × १० सेंटिमीटर आहे. गुणाकार ७६८०, भागून १.५४ किलो, म्हणजे बिल दोन किलोचे. आता उंची फक्त अर्धा सेंटिमीटर कमी करा. ३२ × २४ × ९.५ म्हणजे ७२९६, भागून १.४६ किलो, आणि बिल दीड किलोवर येते. खोका ठासून भरला की मध्ये फुगतो आणि मोजणाऱ्या यंत्राला ती फुगलेली उंचीच दिसते, म्हणून पाकिटातली जास्तीची हवा सील करण्याआधी थोडी कमी करा. भडंगाचा चुरा होईल इतकीही नको. दोन पाकिटे एकावर एक ठेवली तर ३२ × २४ × १९ चा खोका २.९२ किलोचा, म्हणजे बिल तीन किलोचे. पाकिटामागे दीडच किलो पडते, शिवाय खोका, टेप आणि पिकअप एकाचाच. दोन पाकिटांचा जोड वेबसाइटवर वेगळा माल म्हणून ठेवा आणि तोच पहिल्या जागी दाखवा.

हळदीचे गणित उलटे आहे. पूड जड आणि आटोपशीर, त्यामुळे तिथे काट्याचे वजन लागते. अर्धा किलो हळद पाकीट-लिफाफ्यासह ५३० ग्रॅम झाली की एक किलोचा दर बसतो. दोनशे ग्रॅमच्या दोन पुड्यांचा जोड मात्र अर्ध्या किलोत सहज बसतो.

वेबसाइटच्या बाजूने एक मेख आहे. वूकॉमर्समध्ये (वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवणारे सॉफ्टवेअर) मालाच्या वजनाच्या रकान्यात काट्याचे ०.६ न लिहिता बिलाचे १.५ लिहायचे, म्हणजे डिलिव्हरीचा हिशेब बरोबर येतो. पण तेच वजन मालाच्या पानावर खाली 'अधिक माहिती'त ग्राहकालाही दिसते, आणि अर्ध्या किलोच्या पाकिटावर 'वजन १.५ किलो' वाचून तो तक्रार करतो. तुमच्या वेबसाइटवाल्याला वजन-मापे दाखवणे बंद करायला सांगा, एका ओळीचे काम आहे. वजनाप्रमाणे दर लावण्याची सोयही वूकॉमर्सच्या मूळ साच्यात नाही. त्यासाठी टेबल रेट प्रकारचे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे छोटे सॉफ्टवेअर, लागते.

शेवटी, रोज निदान एका पार्सलचा काट्यावरचा आणि टेप लावून मापाचा फोटो काढून ठेवा. जास्तीच्या वजनाची तक्रार ठरावीक दिवसांतच करता येते आणि फोटोशिवाय ती टिकत नाही.

प्रश्न : बेदाण्याचा किरकोळ व्यापार आहे, उलाढाल लहान. जीएसटी नोंदणी नाही. वेबसाइटवर विकले तर चालेल का? (व्यापारी, तासगाव)

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, स्वतःच्या वेबसाइटवरून आणि नोंदणीसाठीच्या उलाढालीच्या मर्यादेच्या आत असाल तोवर चालेल. राज्याबाहेर करपात्र माल पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. तुमच्या भागात हे पटकन लक्षात येत नाही, कारण अथणी किंवा बेळगाव आपल्याला पुण्यापेक्षा जवळचे वाटते. पण तो कर्नाटक आहे आणि ती आंतरराज्य विक्री ठरते. कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठोक दराने कर) असलेल्यांनाही परराज्यात माल विकता येत नाही. नोंदणी होईपर्यंत वेबसाइटच्या शिपिंग झोनमध्ये, म्हणजे माल जिथे पाठवता त्या प्रदेशांच्या यादीत, फक्त महाराष्ट्र ठेवा. दुसऱ्या राज्याचा पत्ता टाकला की ऑर्डर पुढे जाणारच नाही. पानावर नुसती सूचना लिहून भागत नाही, ती कोणी वाचत नाही.

प्रश्न : मी दुकानदारांना वेबसाइट करून देतो. एका ग्राहकाच्या दुकानात अधूनमधून असे होते की पैसे कापले जातात पण ऑर्डर 'पेंडिंग पेमेंट'वरच राहते. गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) बदलावा का? (वेबसाइट डिझायनर, कराड)

गेटवे बदलून काही होणार नाही, वेबहुक तपासा.

पैसे भरल्याचा निरोप वेबसाइटला दोन वाटांनी येतो. पहिली वाट ग्राहकाच्या ब्राउझरमधून : पैसे भरून तो परत तुमच्या पानावर आला की ऑर्डर पुढे सरकते. यूपीआयमध्ये नेमके इथेच बिनसते. माणूस ब्राउझरमधून यूपीआय अॅपमध्ये जातो, पिन टाकतो, हिरवी खूण दिसली की फोन खिशात ठेवतो. तुमच्या पानावर तो परत येतच नाही. दुसरी वाट गेटवेच्या सर्व्हरकडून थेट तुमच्या सर्व्हरकडे, तीच वेबहुक. ती नीट लावलेली असेल तर ग्राहक परतला काय आणि न परतला काय, फरक पडत नाही.

गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहुकचा पत्ता आणि गुप्त किल्ली तपासा. बहुधा पुढच्यापैकी एक सापडेल. चाचणीच्या साइटचा पत्ता तसाच राहिलेला असतो. किंवा पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट दिलेला आणि साइट त्याविना चालणारी, त्यामुळे पुढे वळवताना निरोप गळतो. किंवा टेस्टची किल्ली लाइव्हला लावलेली. सुरक्षेचे प्लगइन अनोळखी सर्व्हर म्हणून निरोप अडवते, हेही फार घडते. गेटवेकडे पाठवलेल्या प्रत्येक निरोपाची नोंद असते, तिथे २०० सोडून दुसरा कोड दिसला की दोष तुमच्या बाजूला समजा.

वूकॉमर्समधला 'होल्ड स्टॉक'चा आकडाही पाहा. मुळात तो ६० मिनिटांचा असतो. साठा मोजणे चालू असेल तर तेवढ्या वेळात पैसे न आलेली ऑर्डर आपोआप रद्द होते. बँकेकडून उशिरा आलेल्या पैशांना मग ऑर्डरच उरत नाही. शिवाय गेटवेवर रक्कम 'ऑथराइज्ड' (मंजूर) होऊन 'कॅप्चर' (प्रत्यक्ष वसूल) झाली नसेल, तर ती काही दिवसांनी ग्राहकाकडे परत जाते आणि तोवर दुकानदाराने माल पाठवलेला असतो. ऑटो कॅप्चर चालू ठेवा.

स्वतः कोड लिहीत असाल तर तीन गोष्टी सोडू नका. निरोपाची सही सर्व्हरवर तपासा. रक्कम आपल्या ऑर्डरशी ताडून पाहा, ब्राउझरने सांगितलेली धरू नका. आणि एकच निरोप दोनदा येऊ शकतो हे धरून चाला, नाहीतर साठा दोनदा कमी होतो. चाचणी म्हणून एक रुपयाचा माल ठेवा, खऱ्या फोनवरून पैसे भरा आणि पिन टाकताच ब्राउझर बंद करा. पाच मिनिटांत ऑर्डर 'प्रोसेसिंग'वर गेली तर काम झाले.

दुकानदाराला एवढे जरूर सांगा की स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नाही. बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक मागून घ्यायचा आणि गेटवेवर शोधायचा.

प्रश्न : आमच्या साडी दुकानाची वेबसाइट एका मुलाने करून दिली. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्याच्याच नावावर आहे. आता तो फोन उचलत नाही आणि मुदत दोन महिन्यांनी संपते. (दुकानदार, विटा)

दोन महिने आहेत, म्हणजे वेळ गेलेली नाही. पण आजच लेखी मेल पाठवा, त्याला दिलेल्या पैशांच्या पावत्या जोडा आणि डोमेन तुमच्या नावे करण्याची मागणी नेमक्या शब्दांत करा. त्याच्यासाठी सर्वांत सोपा मार्ग असा : ज्या कंपनीत डोमेन आहे तिथेच तुमच्या नावाने, तुमच्या मेल आणि मोबाइलवर खाते उघडा आणि त्याने डोमेन त्या खात्यात ढकलायचे. कंपनी बदलायची नसल्याने ट्रान्सफर कोडही लागत नाही. अडून बसलेला माणूसही एवढ्याला बहुधा तयार होतो, कारण त्याचे दहा मिनिटांचे काम आहे.

मुदत उलटून गेली तर डॉट कॉम लगेच दुसऱ्याच्या हाती पडत नाही. आधी ४५ दिवसांपर्यंतची सवलत असते, कंपनीगणिक कमी-जास्त. मग ३० दिवस जबर दंड भरून सोडवण्याचे, आणि शेवटी ५ दिवसांनी ते खुले होते. मात्र त्या सगळ्या काळात सोडवण्याचा हक्क ज्याच्या नावावर आहे त्याचाच, तुमचा नाही. साइट आणि मेल तर पहिल्याच टप्प्यात बंद पडू शकतात. दुकानाचे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलेले असेल तर डॉट इन डोमेनसाठी आयएनडीआरपी ही तक्रारीची वेगळी वाट आहे. ती खर्चिक आहे, शेवटी ठेवा.

दरम्यान वेबसाइटचे अॅडमिन लॉगिन तुमच्याकडे असेल तर माल, ग्राहक आणि ऑर्डर यांच्या फाइली आज उतरवून घ्या. संपूर्ण बॅकअप म्हणजे दोन गोष्टी, फाइली आणि डेटाबेस. नुसत्या फाइली घेऊन काही उपयोग नाही, कारण ऑर्डर डेटाबेसमध्ये असतात.

पुढच्या वेळी करारात एक ओळ हवीच. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे बाहेरच्या माणसाने केलेल्या डिझाइनचा आणि कोडचा पहिला मालक सहसा तोच असतो. पैसे दिले म्हणून मालकी आपोआप तुमच्याकडे येत नाही, ती लेखी द्यावी लागते. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षेच धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हे डिझायनर मंडळींनीही ध्यानात ठेवावे. शेवटचा हप्ता मिळताच मालकी देऊ असे लिहिले की दोन्ही बाजू निर्धास्त राहतात.

प्रश्न : पॉलिसीची पाने (परतावा, गोपनीयता वगैरे) दुसऱ्या साइटवरून उचलली तर काय बिघडते? (मसाले विक्रेते, सातारा)

गेटवेची तपासणी अडते. त्या पानांवरचे नाव-पत्ता पॅन आणि बँक खात्याशी जुळला पाहिजे, आणि उचललेल्या पानात कुठेतरी दुसऱ्याचे शहर राहूनच जाते. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्कही द्यावा लागतो. लहान दुकानात मालकानेच ते पद घ्यावे. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि निकाल महिन्याच्या आत. मसाल्याच्या पानावर एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) चौदा आकडी क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी आणि पॅक करणाऱ्याचा पत्ता हवा.

प्रश्न : साइट पूर्ण मराठीत करायची आहे, पण अक्षरे मोडतात आणि व्हॉट्सअॅपवर लिंक मैलभर लांब दिसते. (वेबसाइट डिझायनर, वाई)

लिंकचे कारण असे : वर्डप्रेस मराठी शीर्षकावरूनच पत्ता बनवते आणि पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्ह नऊ रोमन चिन्हांचे होते. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. जागा २०० चिन्हांची, म्हणजे बावीस देवनागरी चिन्हांपुढचे नाव कापले जाते. प्रत्येक मालाचा पत्ता हाताने रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा द्या. हे साइट सुरू होण्याआधीच करा, नंतर बदलल्यास जुन्या लिंक तुटू शकतात.

अक्षरे मोडण्याची कारणे तीन. दुकानदाराने छापखान्यातल्या जुन्या फाँटमधला मजकूर दिला असेल तर तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावाच लागतो, नुसता चिकटवून भागत नाही. थीममध्ये अक्षरांतले अंतर वाढवलेले असेल तर शिरोरेघ तुटते, ते शून्य करा. आणि ओळींची उंची इंग्रजीच्या मापाची असेल तर वेलांट्या-रफार कापले जातात. १.६ ते १.७ ठेवा. पानाची भाषा 'एमआर' (मराठीचा संकेत) लावायला विसरू नका, त्यामुळे चांगल्या फाँटमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात. मुक्ता फाँट मोफत आहे आणि लहान पडद्यावर वाचायला उत्तम.

पीडीएफ बिलात जोडाक्षरे सुटी पडत असतील आणि रुपयाच्या चिन्हाजागी चौकोन येत असेल, तर दोष बिल बनवणाऱ्या प्लगइनचा आहे. अशा प्लगइनच्या पोटात पीडीएफ बनवणारे सॉफ्टवेअर असते : डॉमपीडीएफला जोडाक्षरे जुळवता येत नाहीत, एमपीडीएफला येतात. मालाच्या वेष्टनावरचा कायदेशीर तपशील मात्र हिंदी किंवा इंग्रजीत असावाच लागतो, मराठी त्याच्या जोडीला.

प्रश्न : आम्ही सतारी-तंबोरे करतो. ऑनलाइन दुकान किती मालाचे करावे? (वाद्य कारागीर, मिरज)

दुकान करूच नका, चौकशीची साइट करा. तंबोरा 'बास्केट'मध्ये टाकून घेणारा गिऱ्हाईक तुमचा नव्हे. फॉर्ममध्ये चारच गोष्टी विचारा : गायक की गायिका, पट्टी कोणती (काळी एक, काळी चार वगैरे), कोणत्या गावी पाठवायचे आणि केव्हापर्यंत. प्रत्येक वाद्याचे अर्ध्या मिनिटाचे रेकॉर्डिंग लावा, कसलीही सफाई न करता. भोपळा, जवारी आणि खुंट्या यांचे जवळून फोटो हवेत. सौदा ठरल्यावर आगाऊ रकमेची पेमेंट लिंक पाठवली की पुरते. डिलिव्हरीचा दर आधी छापू नका. १५० × ५० × ४५ सेंटिमीटरचा खोका ५००० च्या हिशेबाने साडेसदुसष्ट किलोचा होतो, तो दर दर वेळी मागवूनच सांगावा.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण साइटवर तसा शिक्का लावण्याचा हक्क अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेल्यांनाच आहे. आधी नोंदणी करा, मग तो क्रमांक पानावर टाका.