घरात वर्षभराचं धान्य पुरतं की नाही, हे पाहणीत कसं ओळखायचं?

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) फील्डवर्कसाठी बीड जिल्ह्यातल्या एका गावात अन्नसुरक्षेची पाहणी करायची आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्डाचा रंग बघून भागेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही भागणार.

मी पहिली पाहणी फेब्रुवारीत केली आणि सपशेल फसलो. "दोन वेळचं मिळतं का?" असं घरोघर विचारत होतो. "मिळतं की, देवाच्या दयेनं." परक्या माणसासमोर दुसरं काय सांगणार? त्यातून रब्बीची ज्वारी नुकतीच निघालेली आणि कमावती जोडपी ऊसतोडीला गेलेली. ज्यांची पाहणी करायची, तेच गावात नव्हते.

पुढच्या खेपेला ताटाबद्दल विचारणं सोडलं आणि वर्षाबद्दल विचारलं, पाडवा ते पाडवा. कोणत्या महिन्यात काय खाल्लं आणि ते आलं कुठून: शेतातून, रेशनवर, विकत की उधारीवर? तारखा कुणाला आठवत नाहीत, पण पोळ्याला कणगीत किती उरलं होतं ते बायका पायलीच्या मापात सांगतात.

मग हिशेब मांडायचा. समजा, घरात पाच माणसं. माणशी दिवसाला २१०० कॅलरी धरून सगळं ज्वारीत मोजलं तर वर्षाला साधारण ११ क्विंटल लागते. रेशनच्या यादीतल्या 'प्राधान्य कुटुंब' गटाला माणशी महिना ५ किलो धान्य, म्हणजे ३ क्विंटल. दोन एकर कोरडवाहूत खायची ज्वारी झाली ४ क्विंटल. राहिलेल्या ४ क्विंटलांइतकं तेल, डाळ, धान्य विकत घ्यायचं, तेही मुकादमाच्या उचलीतून, म्हणजे ऊसतोडीच्या ठेकेदाराने आगाऊ दिलेल्या पैशातून. ती उचल दसऱ्याच्या आत जुन्या देण्यात आणि दवाखान्यात जिरते, नंतर पाच-सहा महिने उसाच्या फडात राबून फेडायची.

आता पावसाने दगा दिला असं धरा. ज्वारी गेली, म्हणजे एकदम ८ क्विंटलांइतकं विकत, तेही चढ्या भावाने. दुष्काळात बऱ्याचदा ऊसही कमी, पट्टा लवकर पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम लवकर संपतो, आणि उचल अंगावर राहते. दोन्ही आधार एकाच पावसावर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; बायको आजारी पडली तर अर्धा कोयता, वर खाड्याचा दंड. शेजारचं घर भूमिहीन, दाखल्यावर जास्त गरीब. पण मुलगा पुण्यात गाडी चालवतो. त्याच्या पगाराला बीडच्या पावसाशी घेणंदेणं नाही. दुष्काळात आधी कोलमडतं ते जमीनवाल्याचं घर. हे कुठल्याच कार्डावर दिसत नाही.

शेवटचा प्रश्न: अडचणीत आधी काय विकलं? शेळी विकली तर घाबरू नका, ती त्यासाठीच पाळलेली असते. बैल विकला असेल किंवा पोरीला शाळेतून काढून धाकट्याला सांभाळायला फडावर नेलं असेल, तर ते घर वेगळं नोंदवा.

जायचं तर जूनअखेर जा. तोडीचा पैसा संपलेला, पेरणीचा खर्च डोक्यावर आणि नवी उचल अजून हातात नाही. सोबत वजनकाटा न्या, पायली सगळीकडे सारखी भरत नाही.