‘बंदूक नियंत्रण’ की ‘शस्त्रनियंत्रण’?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या ‘गन कंट्रोल’ आणि ‘गन राइट्स’च्या वादावर मराठीत लिहिताना नेमके कोणते शब्द वापरावेत? ‘शस्त्रनियंत्रण’ चालेल का?

‘शस्त्रनियंत्रण’ नको. तो शब्द वाचला की क्षेपणास्त्रं आणि दोन देशांतले करार डोळ्यांपुढे येतात. शिवाय शस्त्रात कोयताही आलाच. ‘बंदूक नियंत्रण’ त्यातल्या त्यात बरा, पण त्यातही एक मेख आहे. कुडाळकडच्या आमच्या मामांकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून शेत राखायला, रीतसर परवान्याची. निवडणूक लागली की ती खांद्यावर टाकून ठाण्यात जमा करून यायचे. त्यांच्या लेखी बंदूक ती हीच, लांब नळीची. फौजदाराच्या कमरेला असायचं ते पिस्तूल. त्याला ते कधी बंदूक म्हणाले नसते. इंग्रजी ‘गन’च्या पोटात मात्र दोन्ही मावतात, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला २००८चा गाजलेला हेलर खटला तर घरात पिस्तूल ठेवण्यावरूनच होता. पोलिसी ‘अग्निशस्त्र’ सगळ्यांना कवेत घेतं खरं, पण पंचनाम्याबाहेर ते कोण बोलतं? तेव्हा ‘बंदूक’च ताणून घ्यावी. वर्तमानपत्रांनी ती ताणलेलीच आहे.

मथळ्यासाठी ‘बंदूकबंदी’चा मोह होतो. तो टाळा. तिथल्या बऱ्याचशा मागण्या खरेदीदाराची पूर्वतपासणी, वयोमर्यादा अशा असतात. त्यांना ‘बंदी’ म्हटलं की आपण नकळत एका बाजूला जाऊन बसतो. ‘कंट्रोल’ हा शब्द तिकडेही खुपतोच, म्हणून निर्बंध मागणारे हल्ली ‘गन सेफ्टी’ म्हणणं पसंत करतात. (आमच्या पिढीला ‘कंट्रोल’ म्हटलं की रॉकेलची रांग आठवते, ते वेगळं.)

खरी गंमत ‘हक्का’त आहे. अमेरिकेत हा हक्क ज्या १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीवर उभा आहे, तिच्यात शस्त्रांसाठी ‘कीप’ (जवळ ठेवणं) आणि ‘बेअर’ अशी दोन क्रियापदं आहेत. हेलर खटल्यात न्यायमूर्ती स्कालिया आणि स्टीव्हन्स यांची ‘बेअर आर्म्स’वरून जुंपली: नुसतं शस्त्र अंगावर वागवणं, की फौजेत लढायला उभं राहणं? निकाल ५ विरुद्ध ४ असा स्कालियांच्या, म्हणजे पहिल्या अर्थाच्या बाजूने लागला. मराठीत हेच दोन अर्थ ‘शस्त्र बाळगणं’ आणि ‘हाती शस्त्र धरणं’ असे सरळ वेगळे पडतात. म्हणजे अनुवादकाने एक निवडलं की त्याने निकालच देऊन टाकला!

त्यात ‘बाळगणं’ला आपल्याकडे वेगळाच वास आहे. आशा बाळगतात, भीती बाळगतात, वैरही बाळगतात. पण पिस्तूल बाळगलं की पुढे ‘प्रकरणी अटक’ आलंच. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली आपल्याकडे बंदूक परवान्यावरच मिळते, त्यामुळे ‘बाळगण्याचा हक्क’ कानाला अडखळतो. तरी तोच लिहावा. ‘बंदुकीचा हक्क’ म्हटलं तर हक्क बंदुकीलाच मिळाल्यासारखा वाटतो. पहिल्या उल्लेखात ‘बंदूक बाळगण्याचा हक्क’ असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं ‘हक्क’ पुरेल.